संयम, नग दोनशे

"मुखेडकरांच्या घराण्यात आजवर एकही गोष्ट लपवून ठेवलेली नाही," भगवंतराव म्हणाले, "आणि मी जिवंत असेतो ठेवली जाणार नाही!"

हे वाक्य त्यांनी हॉलच्या तिन्ही खिडक्या लावून, रस्त्याकडच्या दाराला आतून कडी घालून, मोलकरीण गंगूला कोथिंबीर आणायला पिटाळून (घरात कोथिंबिरीच्या दोन जुड्या होत्या) आणि टीव्हीचा आवाज वाढवून उच्चारलं. टीव्हीवर एक बाई नव्या मिक्सरचे गुण सांगत होती. त्यामुळे घराण्याच्या उघडेपणाची ही ग्वाही त्यांना दोनदा द्यावी लागली. पहिल्यांदा ती कुणाला ऐकूच गेली नाही.

त्या शुक्रवारी घरात मंगलाची चोरओटी होती. मंगला ही धाकटी सून. तिसरा महिना लागला की शेजारीपाजारी न कळू देता घरातल्या घरात ओटी भरायची, ही चाल जुनीच. पण मंगलाच्या आधीच्या दोन खेपा फुकट गेल्यामुळे कुसुमताईंनी या वेळची चोरी इतकी कडेकोट ठेवली होती, की थोरल्या सुनेला, सत्यवतीला, ती बातमी त्याच दिवशी सकाळी चहा गाळताना कळली. ओटी भरायची होती सत्यवतीनंच. कुसुमताई भगवंतरावांच्या धाकट्या बहीण, तरुणपणीच माहेरी परत आलेल्या आणि पुढे विधवा झालेल्या. त्यामुळे ओटीच्या ताटाला त्यांचा हात चालत नव्हता. बाकी घरात कुणी काय खायचं, कुणी कुठला वार धरायचा आणि कुणी कशाबद्दल गप्प बसायचं, हे गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्यांच्याच हातात होतं.

ताट तयार झालं, नारळाला हळद लागली, आणि फाटकात नीलिमाची लूना थांबली. नीलिमा सत्यवतीची मुलगी, भगवंतरावांची एकुलती नात, दोन वर्षांपूर्वी डॉक्टर झालेली. सध्या सरकारच्या आरोग्य मोहिमेत आदिलाबादकडच्या मराठी बोलणाऱ्या खेड्यांतून फिरत होती. तिचा चेहरा खिडकीतून पाहताच तिचे वडील हिम्मतराव यांनी मागच्या दारानं हैदराबादेतल्या सुलतानबाजारातला आपला छापखाना गाठला. हिम्मतरावांना भांडणाचा वास ते सुरू होण्याआधी पंधरा मिनिटं येत असे, आणि या एका गुणावर त्यांनी सत्तावीस वर्षं सुखानं संसार केला होता.

नीलिमानं आल्या आल्या छापील पुस्तिकांचा गठ्ठा टीपॉयवर, ओटीच्या ताटाला लागून आदळला. *आई आणि बाळ : प्रश्न व उत्तरे.* मजकूर तिनं लिहिलेला, बारा हजार प्रती घरच्याच छापखान्यात छापलेल्या. त्यानंतर खिडक्या लागल्या आणि ती ग्वाही झाली.

"काही लपवत नाही ना? मग हे काय?" नीलिमानं बॅगेतून एक घडी घातलेला कागद काढला. "एका उपकेंद्रातून आलंय मागणीपत्र. ऐका सगळे. 'तापाच्या गोळ्या, नग पाचशे. बँडेजपट्टी, गुंडाळ्या वीस. संयम, नग दोनशे.'"

टीव्हीतली बाई मिक्सरमध्ये आलं वाटत होती.

"आता पान नऊ. वाचू?"

"वाच की. मी काय कुणाला भितो?" भगवंतराव म्हणाले आणि त्यांनी टीव्हीचा आवाज आणखी दोन घरं वाढवला. सत्यवतीनं उठून तो सरळ बंद केला.

"'नवऱ्याने संयम वापरावा,'" नीलिमानं वाचलं. "'संयम जवळच्या आरोग्य केंद्रात मोफत मिळतो. संयम कोरड्या जागी ठेवावा. एकदा वापरलेला संयम पुन्हा वापरू नये. एका वेळी दोन संयम वापरू नयेत.'"

"अय्यो, बरोबरच लिहिलंय की मामय्यांनी," सत्यवती म्हणाली. ती राजमंड्रीची, सासऱ्यांना मामय्या म्हणायची सवय तिनं सोडली नव्हती आणि मनात येईल ते बोलायचीही. "दोन संयम एकदम कुणाला झेपतील?"

"मूळ शब्द काय होता ग?" मंगलानं विचारलं.

"निरोध."

कुसुमताईंना खोकला आला. घरात केबल आल्यापासून त्यांना हा खोकला होता. टीव्हीवर ती विशिष्ट जाहिरात लागली की तो उसळे आणि ती संपली की थांबे. त्या वेळी भगवंतराव पेपर वर धरत, हिम्मतराव पाणी प्यायला उठत आणि सगळं घर तीस सेकंद देशाच्या लोकसंख्येला पाठ करून बसे.

"मी आशयाला धक्का लावलेला नाही," भगवंतराव म्हणाले. "शब्द तेवढा सभ्य केला. असलं पुस्तक घरात पडणार, लेकीसुनांच्या हातात जाणार..."

"लेकीसुनांसाठीच लिहिलंय ते, आजोबा! एक बाई मला काय म्हणाली माहितीये? डॉक्टरीणबाई, आमच्याकडच्या नर्सताई म्हणतात संयमाचा स्टॉक संपलाय. पाच लेकरं आहेत तिला. हसू नकोस अम्मा! त्या बाईला हसायला येत नव्हतं."

सत्यवतीनं तोंडावर पदर धरला.

"निजामाच्या पोलिसांनी तुम्हाला पत्रकातली एक ओळ काढायला सांगितली होती," नीलिमा म्हणाली. "एक ओळ. तुम्ही नाही म्हणालात आणि अकरा महिने तुरुंगात बसलात. शाळेत मी त्यावर निबंध लिहिला, बक्षीस मिळालं. आणि इथे? इथे तर कुणी काढा म्हटलंही नव्हतं. आपल्या हातानं काढलंत. लाल शाईनं."

"ते राजकारण होतं," भगवंतराव म्हणाले. "हे... हे खालचं आहे."

देशातली निम्मी दुखणी या 'खालच्या' प्रदेशात राहतात आणि त्या प्रदेशाचा नकाशा कुणी छापत नाही. मुखेडकरांच्या घरात गळ्याच्या खाली आणि गुडघ्याच्या वर माणसाला फक्त पोट होतं. तिथं दुखलं तर ओवा, नाहीतर उपास.

"बरं, पान बारा," नीलिमा म्हणाली. "पान बारावर मी सहा ओळी लिहिल्या होत्या. आता तिथे 'गर्भवतीने सदैव प्रसन्न राहावे' एवढंच आहे, आणि खाली कमळाचं चित्र."

"जागा रिकामी दिसत होती."

"मी सांगते ती का रिकामी झाली. पण आधी मला एक सांगा. या पुस्तकाचं वाचन कुणी केलं?"

भगवंतरावांनी पेपर वर धरला.

वाचन हा त्या छापखान्याचा कुळाचार होता. मशीन पायानं मारायचं होतं तेव्हापासून आता ऑफसेट येऊन कॉम्प्युटरवर अक्षरं जुळू लागली तरी तो चुकला नव्हता. एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, विरामचिन्हांसकट. दुसऱ्यानं प्रुफावर पेन धरून ऐकायचं. ओळ निसटली तर ऐकणाऱ्यानं पेन टेबलावर दोनदा आपटायचं, वाचणाऱ्यानं मागे जायचं. पूर्वी हे काम भगवंतरावांच्या पत्नी करत. त्या गेल्यावर सहा वर्षं मंगला करत होती. रोज चार ते सहा, व्हरांड्यात. लग्नपत्रिका, सहकारी बँकेचे अहवाल, बियाण्यांच्या जाहिराती, श्रद्धांजल्या. सून सासऱ्याशी दिवसातले दोन तास बोलत असे, आणि त्यातला एकही शब्द तिचा नसे.

"माझ्याकडे नव्हतं दिलं," मंगला म्हणाली. "मामंजी म्हणाले, आज डोळ्यांना आराम दे. मला वाटलं... बरं वाटलं मला. मी झोपले."

"म्हणजे वाचनाशिवाय पुस्तक मशीनवर गेलं," नीलिमा म्हणाली. "पन्नास वर्षांत पहिल्यांदा."

बारा हजार बायांबद्दल जे भगवंतरावांना झालं नव्हतं ते या वाक्यानं झालं. त्यांचा चेहरा उतरला. बाया काय, होत्या तशा राहिल्या असत्या. पण छापखान्याचा नियम मोडला होता, आणि तो त्यांनीच मोडला होता.

"मग आता करू वाचन," ते म्हणाले. "लाव खुर्ची. चूक ती चूक. दुसरी आवृत्ती काढू."

"दादा!" कुसुमताई ओरडल्या. "पोटुशी बाई असलं वाचणार? सासऱ्यापुढं?"

"पोटुशी कशानं होते ते सासऱ्यांना ठाऊक नाही काय, आत्याबाई?" सत्यवती म्हणाली.

कोपऱ्यात अनिल बसला होता, मंगलाचा नवरा. तो पेजर विकायचा. आंध्रभर फिरायचा, महिन्यातले पंधरा दिवस लॉजवर असायचा, आणि घरी असला की पेजरकडे असा पाहत बसायचा की जणू देश त्याच्याच निरोपावाचून अडलाय. तो उठला.

"मी निघतो यार. आबिड्सला एक पार्टी थांबलीये."

"बसा भावजी," सत्यवती म्हणाली. "ओटी झाल्याशिवाय नवऱ्यानं उंबरा ओलांडायचा नसतो."

अशी चाल ना आंध्रात होती ना महाराष्ट्रात. पण कुसुमताईंना ती आंध्रातली वाटली आणि अनिलला महाराष्ट्रातली. तो बसला.

मंगलानं नीलिमाच्या हस्ताक्षरातली मूळ प्रत घेतली. भगवंतरावांनी चष्मा पुसला, दोनदा पुसला, आणि प्रुफावर पेन ठेवलं.

सुरुवातीला तिचा आवाज चाचरला. मग सवयीनं तो सपाट झाला, बँकेचा अहवाल वाचावा तसा. बारा प्रश्न, बारा उत्तरं. तिला स्वतःचंच नवल वाटत होतं. जे शब्द तिनं आईशी, बहिणीशी, नवऱ्याशी अंधारातसुद्धा कधी उच्चारले नव्हते, ते भर दिवसा साडेदहा वाजता सासऱ्याच्या समोर स्वल्पविरामांसकट बाहेर पडत होते, आणि छत जागेवर होतं. पान नऊवर तिनं 'निरोध' हा शब्द पाच वेळा वाचला. पाचही वेळा भगवंतरावांनी समासात खूण केली आणि पाचही वेळा कुसुमताई खोकल्या. शेवटच्या वेळी जरा कमी खोकल्या.

मग पान बारा आलं.

"'वारंवार गर्भ पडत असेल किंवा मूल मेलेलं जन्मत असेल तर काय करावं प्रश्नचिन्ह,'" मंगला वाचू लागली. "'नवा परिच्छेद. नवरा-बायको दोघांनीही रक्त तपासून घ्यावं पूर्णविराम. नवऱ्याला पूर्वी कधी लघवीच्या जागी फोड किंवा चट्टा आला असेल स्वल्पविराम तो दुखला नसेल स्वल्पविराम आपोआप बरा झाला असेल स्वल्पविराम तरी आजार अंगात राहिलेला असू शकतो पूर्णविराम. तो बायकोला लागतो आणि तिच्याकडून पोटातल्या मुलाला पूर्णविराम. वेळेवर पेनिसिलीनची इंजेक्शनं घेतली तर आई आणि मूल दोघंही वाचू शकतात पूर्णविराम. दोष बाईचा नसतो पूर्णविराम.'"

ती थांबली. टेबलावर पेन आपटलं नव्हतं. तरी ती मागे गेली.

"'तो दुखला नसेल स्वल्पविराम. आपोआप बरा झाला असेल स्वल्पविराम.'"

तिनं कागद खाली ठेवला आणि अनिलकडे पाहिलं.

"तीन वर्षांपूर्वी श्रावणात," ती म्हणाली, "तुम्ही चिंच सोडली होती."

"काय?"

"चिंच. तीन महिने. घरात सगळ्यांना चिंचेचं वरण, तुमच्यासाठी मी वेगळं पातेलं लावायची."

"पित्त झालं होतं मला."

"पित्ताला इथल्या डॉक्टरांनी चिंच कधीच बंद केली नव्हती. मी विचारलं होतं त्यांना. ते म्हणाले, माझ्याकडे आलेच नाहीत."

अनिलला ती खोली आठवली. सिकंदराबाद स्टेशनसमोरच्या लॉजचा दुसरा मजला, हिरवा पडदा. ज्याचं नाव तिथपासून काझीपेठपर्यंत रुळालगतच्या प्रत्येक भिंतीवर चुन्यानं लिहिलेलं होतं, तो हकीम. "घाबराओ नक्को साब, जवानी में होता." एकवीस पुड्या दिल्या आणि म्हणाला, खट्टा बंद. दहाव्या पुडीला चट्टा गेला होता. अनिलनं त्या माणसाला मिठाई नेऊन दिली होती. घरच्या डॉक्टरकडे जाणं शक्यच नव्हतं. तो भगवंतरावांबरोबर दर रविवारी बुद्धिबळ खेळायचा.

"तो तर पूर्ण बरा झाला होता," अनिल म्हणाला.

'तो' म्हणजे काय, हे कुणी विचारलेलंच नव्हतं.

त्याच क्षणी त्याचा पेजर वाजला. अनिलनं सवयीनं उचलून पाहिलं. सत्यवतीनं तो त्याच्या हातातून घेतला, ओटीच्या ताटातल्या तांदळात खुपसला आणि म्हणाली, "चालु." तेलुगूत याचा अर्थ पुरे. त्या घरात एवढी तेलुगू सगळ्यांना येत होती.

"काकू," नीलिमाचा आवाज बदलला होता, "मागच्या खेपेला तू प्रसूतिगृहात नाव घातलं होतंस. तिथे रक्त घेतलं नाही?"

"हिमोग्लोबीन बघितलं. आणखी एक तपासणी असते, असं नर्स म्हणत होती. डॉक्टर तिला म्हणाले, ती राहू दे, चांगल्या घरच्या बायकांना आपण ती लिहीत नाही. लोकांना राग येतो."

"राग येतो!" नीलिमा ओरडली. "एक सुई! एका दिवसाचं काम! दोन मुलं गेली, आजोबा, आणि डॉक्टरला काळजी कशाची, तर मुखेडकरांना राग येईल!"

मंगलाच्या दंडाला तीन देवांचे तीन दोरे होते. पहिल्या खेपेनंतर सोळा सोमवार झाले होते, दुसरीनंतर नऊ गुरुवार. गाणगापूर झालं होतं, एका बाबांचा अंगारा झाला होता, पलंगाची दिशा बदलली होती, मोरीची बदलण्याचा विचार होता. तिच्या माहेरच्या तीन पिढ्यांतल्या बायकांची चौकशी झाली होती. दुसरं मूल सातव्या महिन्यात गेलं, मुलगा होता. तेव्हा बारशाला बोलावणाऱ्या शेजारणींनी तिला बोलावणं बंद केलं आणि तिनंही ते योग्यच मानलं. एवढं सगळं त्या दंडावर बांधून झालं. त्यातून चमचाभर रक्त मात्र कुणी काढलं नव्हतं, कारण ते असभ्य दिसलं असतं.

"हे बघ मंगले," कुसुमताई म्हणाल्या, पण त्यांचा आवाज नेहमीसारखा लागला नाही. "पुरुषाची जात. बाहेर राहतात. त्याचं एवढं..."

त्या मध्येच थांबल्या. त्यांनी ओटीच्या नारळाकडे पाहिलं.

"नीलू," त्या म्हणाल्या, "तसले चट्टे तळहातावर येतात का ग? तळपायावर? तांबूस, खाजत नाहीत असे?"

नीलिमा त्यांच्याजवळ सरकली. मग हळूच म्हणाली, "येतात, आत्याआजी. याच आजाराच्या दुसऱ्या टप्प्यात."

"आणि पुढं... माणसाची नजर जाते? चालताना पाय आपटत टाकतो?"

"वर्षानुवर्षं उपचार झाले नाहीत तर, होय. पण तुम्हाला हे..."

"माझे चार गेले," कुसुमताई म्हणाल्या.

घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि आजवर कुणी मोठ्यानं म्हटलेलं नव्हतं. चौथं नऊ दिवस जगलं होतं. त्यानंतर सासूनं एक ट्रंक देऊन त्यांना परभणीहून माहेरी पाठवलं. पांढऱ्या पायाची म्हणून. यजमान देवमाणूस. दर महिन्याला कामानिमित्त हैदराबादला यायचे, कुठे उतरायचे कुणी विचारलं नाही. पुढे ते आंधळे झाले, मग भ्रमिष्ट, मग गेले. श्रद्धांजलीची पत्रिका याच छापखान्यात छापली होती. 'अल्पशा आजाराने दुःखद निधन.' अल्पसा आजार अकरा वर्षं चालला होता. त्या पत्रिकेचं वाचन मात्र झालं होतं, विरामचिन्हांसकट.

"पन्नास वर्षं मी पाय धुऊन उंबरा ओलांडते," कुसुमताई म्हणाल्या. "माझ्या पायानं कुणाचं वाईट होऊ नये म्हणून. कुणाच्या बारशाला गेले नाही. हिच्या ओटीच्या ताटालासुद्धा शिवले नाही आज." त्यांनी भगवंतरावांकडे पाहिलं. "दादा, तुला ठाऊक होतं?"

भगवंतरावांच्या हातातलं पेन कागदावर टेकलेलंच राहिलं होतं. तिथे लाल शाईचा एक ठिपका पसरत चालला होता.

"डॉक्टर म्हणाले होते काहीतरी," ते म्हणाले. "एकोणपन्नास साली. मोघम. मी म्हटलं, तुझ्या कानावर कशाला घालायचं. तुला त्रास होईल."

"त्रास होईल," कुसुमताई म्हणाल्या.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं भगवंतरावांना वाटलं. त्या उठल्या. अनिलसमोर जाऊन उभ्या राहिल्या. लहानपणी याच अनिलला त्यांनी मांडीवर घेऊन भरवलं होतं, त्याच्या प्रत्येक परीक्षेला उपास धरला होता, आणि पाच मिनिटांपूर्वीपर्यंत त्या त्याच्या बाजूच्या होत्या.

"ऊठ. चपला घाल."

"आत्या, मी उद्या जातो. नक्की. एकटा जातो."

"एकटा जाऊन काय करणार आहेस? आणखी एक पदार्थ सोडून येशील. ऊठ म्हणते ना!"

"लोक बघतील तिथे. आपल्या ओळखीचं कुणी निघालं तर?"

"निघू दे. ते कशाला आलेत ते विचार."

मंगला अजून बसलेलीच होती. तिला अनिलचा राग यायला हवा होता. तो येणार होता, पुष्कळ दिवस पुरेल इतका येणार होता. आत्ता तिच्या डोक्यात एकच हिशेब चालला होता.

"नीलिमा, तिसरा महिना आहे. उशीर झालाय का?"

"नाही. आज रक्त देऊ. संध्याकाळपर्यंत कळेल. निघालं तर आजच पहिलं इंजेक्शन, दोघांनाही, आणि पुन्हा पुन्हा तपासणी. हमी मी देत नाही, काकू. पण आशा चांगली आहे. खरंच चांगली आहे."

"मागच्या वेळी कुणी सांगितलं असतं तर?"

नीलिमाला खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं बोलायला त्या खोलीत आता जागा उरली नव्हती.

मंगला उठली. तिनं कमळाचं चित्र असलेली ती छापील पुस्तिका उचलली, पान बारा उघडलं आणि सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"मामंजी," ती म्हणाली, "हे पुस्तक छापायला आलं तेव्हा मला दिवस राहिलेले होते. आत्याबाईंनी तुम्हाला सांगितलं होतं. मी चार ते सहा तुमच्यासमोर बसते. या सहा ओळी तुम्ही वाचल्या, आणि माझं तोंड तुम्हाला आठवलं नाही?"

"आठवलं," भगवंतराव म्हणाले. त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता. "म्हणून तर तुला वाचायला दिलं नाही."

सत्यवतीनं ओटीचं ताट झाकलं. "आल्यावर भरू," ती म्हणाली. "आणि आत्याबाई भरतील. मी बाजूला बसून गाणं म्हणेन, तेलुगू. कुणाला काही म्हणायचंय?"

कुसुमताईंनी पदरानं तोंड पुसलं, पायांवर पाणी न घेता उंबरा ओलांडला आणि फाटकाशी जाऊन रिक्षाला हात केला. "नारायणगुडा!" त्या ओरडल्या. "रक्त तपासायला जायचंय, लवकर चलो!" समोरच्या बाल्कनीत कपडे वाळत घालणारी बाई कपडे तसेच धरून उभी राहिली. अनिलनं मान खाली घातली आणि रिक्षात चढला. मंगला त्याच्या शेजारी बसली नाही. कुसुमताई मध्ये बसल्या.

घरात भगवंतरावांनी खिडक्या उघडल्या. मग ते टेबलाशी आले आणि मूळ प्रत समोर घेऊन एकेक शब्द परत जागेवर बसवू लागले. पान नऊ, पाच जागा. पान बारा, सहा ओळी. कमळावर त्यांनी आडवी रेघ मारली. शेवटच्या पानावर, गेली पन्नास वर्षं लिहीत आले होते तसं, मोठ्या अक्षरात लिहिलं : छापा. खाली सही केली.

नीलिमानं प्रुफं बॅगेत भरली. ती लूनाची किल्ली शोधत होती, तेवढ्यात त्यांनी हाक मारली.

"नीलिमा."

ती वळली. त्यांचे डोळे भरलेले होते. आजोबा आयुष्यात पहिल्यांदा माफी मागणार, असं तिला वाटलं.

"एक होतं," भगवंतराव म्हणाले. त्यांनी दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. "मला ते... रात्रीतून पाच-सहा वेळा उठावं लागतं. आणि उठून काही उपयोग होतो असंही नाही. बसूनच राहावं लागतं."

"किती दिवस झाले?"

"चार वर्षं."

"आजोबा!"

"हळू, हळू. त्याचा कुणी डॉक्टर असतो म्हणे. मी जाईन. आजच जाईन. तू फक्त एक चिठ्ठी दे." त्यांनी लाल पेन तिच्यापुढे केलं. "आणि त्या चिठ्ठीवर, तुला चालत असेल तर, डोळे असं लिही."